चिंध्यांची हाउसिंग सोसायटी

पुण्यात घर घेणं म्हणजे काय दिव्य असतं, हे या पानाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. दर रविवारी साइट व्हिजिट, चकाचक सॅम्पल फ्लॅट, ‘सर, आता शेवटचे दोनच राहिलेत’ हा ठरलेला डायलॉग आणि मग वीस वर्षांचा ईएमआय. अशात तुम्हाला कुणी सांगितलं, की एक घर चाळीस मिनिटांत उभं राहतं, स्टँप ड्यूटी नाही, पार्किंगवरून भांडण नाही, छपराचा रंगसुद्धा तुमच्याच पसंतीचा... तर?

फसवाफसवी नाही हो! फक्त घर आठ इंच बाय आठ इंचाचं आहे आणि बांधकामाचं मटेरियल आहे चिंध्या.

क्विल्टिंगच्या भाषेत याला ‘हाउस ब्लॉक’ म्हणतात. उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे जोडून एक घर शिवायचं. छप्पर, भिंती, दार आणि वर थोडं आकाश. अशी घरं एकमेकांना जोडत गेलं की कॉलनी होते. कॉलनीच्या पोटात थर घातले, खाली अस्तर लावलं आणि टाके मारले की झाली गोधडी! तुकडे जितके वेगवेगळे तितकी मजा जास्त. मॅचिंगची फार हौस असणाऱ्यांनी मात्र आधीच मन घट्ट करावं.

बिल्डर मंडळी

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमचा बारा जणांचा ग्रुप जमतो. दुसराच शनिवार का, तर ग्रुपमधल्या दोघी बँकेत आहेत आणि त्या दिवशी बँकांना सुटी असते. बाकी काही आयटीवाले, एक डेंटिस्ट, एक सीए (हिशेबाला बरा पडतो!), एचआरमधली एक मुलगी आणि सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या साताऱ्याकडच्या काकू. टेबल टेनिसचं टेबल हेच आमचं कटिंग टेबल. शिलाई मशिनं तीन. त्यातलं एक हाताने फिरवायचं, कुणाच्या तरी आजेसासूबाईंचं. वीज गेली तरी ते चालतं, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा भाव एकदम वधारतो.

‘पुरुषही येतात का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. येतात, चार आहेत. आणि सगळ्यात सरळ शिलाई कुणाची, असं विचाराल तर टेस्टिंगमधल्या एका पठ्ठ्याची. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायची सवय, दुसरं काय!

तुकड्यांना तोटा नसतो. शिंप्याकडे कातरणांचं गाठोडं पडलेलंच असतं, मागितलं तर तो आनंदाने देतो. आणि तुमच्या-आमच्या कपाटात काय कमी खजिना आहे? फॉर्मल शर्टाची आधी कॉलर विरते, मग कफ. पाठ मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते. त्या पाठीच्या बारीक रेघांची भिंत इतकी झकास दिसते की बस! जुन्या कुर्तीचं छप्पर होतं, उशीच्या अभ्य्राचं आकाश. पाच वर्षांपूर्वीच्या इंटरव्ह्यूचा शर्ट असा भिंत होऊन समोर आला की गंमत वाटते.

सात तुकड्यांचं घर

आता थोडं इंजिनिअरिंग. आठ इंची घराला फक्त सात तुकडे लागतात. छपरासाठी साडेआठ बाय साडेतीन इंचांची एक पट्टी. आकाशाचे साडेतीन इंचांचे दोन चौकोन. भिंतींचे साडेतीन बाय साडेपाचचे दोन तुकडे. दार अडीच बाय चार आणि दारावरची पट्टी अडीच बाय दोन. बस्स.

आकाशाचे चौकोन छपराच्या दोन टोकांना उलटे, म्हणजे सुलट्या बाजूवर सुलटी बाजू येईल असे ठेवायचे. खालच्या बाहेरच्या टोकापासून वरच्या आतल्या टोकापर्यंत तिरकी शिलाई मारायची. शिलाईच्या बाहेर पाव इंच ठेवून जादाचा कोपरा कापायचा, उरलेला भाग वर उलटवायचा आणि इस्त्री फिरवायची. छपराला आपोआप उतार येतो. मग दारावर पट्टी, दाराच्या दोन बाजूंना भिंती आणि या सगळ्यावर छप्पर. घर तयार!

सगळी माया आहे ती पाव इंचात. प्रत्येक शिलाई काठापासून बरोबर पाव इंचावर हवी. अर्धं सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग. तुम्ही म्हणाल, त्याने काय होतंय? बघा हं. शिलाई अर्धं सूत आत गेली की दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत खाल्लं जातं. दाराच्या दोन बाजूंना दोन शिलाया, म्हणजे दोन सूत, म्हणजे पाव इंच. छपराच्या पट्टीत उभा जोड नाही, त्यामुळे ते तसंच राहतं. परिणाम? छप्पर मोठं, घर छोटं. आणि सहा घरांची ओळ जोडली की सतरा जोडांमध्ये दोन इंचांहून जास्त कापड गायब! बिल्डरने कार्पेट एरिया मारला की कसं वाटतं, ते इथे शिवणाऱ्याला कळतं.

सहा घरांची एक ओळ, अशा आठ ओळी. एका गोधडीत ४८ घरं. साइज ४८ बाय ६४ इंच. आठ-दहा वर्षांच्या मुलाला अंगावर घेऊन वर पायाखाली खोचायलाही पुरते. आम्ही बारा जण, प्रत्येकी चार घरं, की एका सोसायटीचं पझेशन.

अमेरिकेतून वाकळीपर्यंत

हा हाउस ब्लॉक मूळचा आपला नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तो लोकप्रिय झाला. शाळेच्या इमारतीसारखा दिसतो म्हणून तिकडे त्याला ‘स्कूलहाउस’ही म्हणतात. गावातल्या बायकांनी एका मोठ्या चौकटीभोवती बसून एकत्र टाके घालायचे, या बैठकीला तिकडे ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात. गप्पा, खाणं आणि शिवण. आपल्याकडे पापड लाटायला जमणाऱ्या बायकांचा सीन आठवा, तेच!

आणि या बैठकींतून फक्त पांघरुणं निघाली असं नाही. एड्सने गेलेल्या माणसांच्या आठवणीत एकेक कापडी पॅनेल शिवायचं काम १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं. प्रत्येक पॅनेल तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढं. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अशी १,९२० पॅनेल्स अंथरली गेली, तेव्हा ज्या आजाराबद्दल लोक बोलायला तयार नव्हते तो डोळ्यांना दिसला. १९९५ साली कोलोरॅडोत ‘प्रोजेक्ट लायनस’ सुरू झाला. आजारी किंवा संकटात सापडलेल्या मुलांना हाताने बनवलेलं पांघरूण द्यायचं, एवढाच उद्देश. ‘पीनट्स’ कॉमिक्समधला कायम पांघरूण घेऊन फिरणारा लायनस आठवतोय ना? नाव त्याचंच.

पण पांघरुणाच्या बाबतीत आपणही काही कच्चे नाही आहोत. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, आजीच्या जुनेराचे थर एकावर एक टाकून धावदोरा घालायची कला घराघरात होती. आपल्याला जगात आल्यावर पहिल्यांदा गुंडाळलं तेही बहुतेक आजीच्या जुन्या साडीच्या दुपट्यातच. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले मूळचे आफ्रिकी लोक. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात, ती कडेपासून सुरू करून गोल गोल मध्याकडे. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची ‘फुलं’ लावतात. फुलांशिवाय कवंदी म्हणजे उघडी-नागडी, पूर्ण झालीच नाही, असं त्या मानतात. वापरायची वस्तूसुद्धा नीट सजवून द्यायची, ही समज कुठल्या डिझाइन स्कूलमधून आलेली नाही.

द्यायची कुणाला?

इथे आमच्या ग्रुपचं खरं कसोटीचं प्रकरण सुरू झालं. शिवायचं हे ठरलं होतं. दान द्यायचं हेही ठरलं होतं. कुणाला, यावर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर चर्चा रंगली.

शेवटी बँकवाल्या एकीने तिच्या मावसबहिणीचं नाव सुचवलं. ही बहीण बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. तिच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे बंद होतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ऊसतोडणीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जावंच लागतं. परत यायचं मार्च-एप्रिलमध्ये. सोबत नेलेल्या मुलांचं बालपण फडाजवळच्या कोपीत आणि शाळा बुडालेली. हे टाळायला मुलांची राहायची सोय गावातच करणारी हंगामी वसतिगृहं निघाली. तिच्या गावातल्या वसतिगृहात मुलं होती अठरा.

थंडी, लहान मुलं, पांघरूण. सगळं जुळत होतं. आणि तेवढ्यात एचआरमधली मुलगी म्हणाली, ‘‘ज्या पोरांच्या घराला कुलूप लागलंय, त्यांना पांघरायला घरांचंच चित्र द्यायचं? रोज रात्री आठवण करून द्यायची का त्यांना?’’

टेबलाभोवती एकदम शांतता. ४८ घरं शिवून झालेली, समोर पसरलेली. कुणी म्हणालं पतंग करू या, कुणी म्हणालं चांदण्या. पोटात काय भरायचं यावरही दोन पार्ट्या पडल्या होत्याच. एक म्हणत होती, रजईसारखा भरपूर कापूस घालू, ऊब हवी ना! काकूंची पार्टी म्हणत होती, सुती साड्यांचे थर. वाद मिटेना, तेव्हा काकूच म्हणाल्या, ‘‘अरे, इथं बसून काय ठरवताय? जिला रोज त्या मुलांचं करायचंय, तिला विचारा की!’’

फोन स्पीकरवर लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘ताई, चित्राचं नंतर बघू. धुतल्यावर एका दिवसात वाळंल का?’’

आमच्यातल्या एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. बाई सांगत होत्या, लहान मुलं आहेत, कधी कुणी अंथरूण ओलं करतं, कधी कुणाला खरूज होते, धुवावं तर लागणारच. पाणी मोजकं. जाड कापूस भरलेली वस्तू धुताच येत नाही, ती मग तशीच कोपऱ्यात कुबट वास मारत पडते. भिजल्यावर दोन पोरांना मिळून पिळता आली पाहिजे आणि उन्हात टाकली की संध्याकाळपर्यंत वाळली पाहिजे. कापूस-पार्टी तिथेच गार झाली.

दुसरी अट आणखी कडक. ‘‘द्यायच्या तर अठराच्या अठरा द्या, नाहीतर एकपण नको. पंधरा दिल्या तर रात्री निवाडा मलाच करावा लागंल.’’

आणि घराचं चित्र? त्यावर बाई हसल्या. मोकळ्या तासाला काहीही काढा म्हटलं तरी मुलं घरच काढतात, म्हणाल्या. मागे दोन डोंगर, मधून सूर्य, बाजूला नदी. तुम्ही-आम्ही काढायचो तेच! ‘‘आठवण तर येतीच, ताई. तुमच्या गोधडीनं येती असं नाही. फक्त दार बंद दाखवू नका.’’

त्या एका फोननंतर आमची नियमावली ठरली. आतले थर साड्यांचे, तीन, चौथा नाही. साडीचा पन्हा ४८ इंचांना थोडा कमी पडतो, म्हणून थर एकमेकांवरून जरा सरकवून घालायचे. छप्पर, भिंती कशाच्याही असोत, आकाश सगळ्या गोधड्यांवर एकच, फिकट निळं, म्हणजे ‘त्याची भारी, माझी साधी’ हे भांडण नको. आणि दार प्रत्येक घराचं पिवळं. उघडं दार, आत दिवा लागलेला.

चिंध्या चालतील, चालढकल नाही

दान म्हटलं की आपल्याकडे एक गंमत होते. जे आपल्याला नको, ते ‘गरिबांना’ चालेल असं आपण गृहीत धरतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. फाटके, मळके, तिथल्या माणसांनी कधीच घातले नसते असे. ते निवडून, वापरात आणायचं काम ‘गूंज’ने केलं. १९९९ साली दिल्लीत सुरू झालेल्या या संस्थेने कपडा ही भीक नाही, गावाने मिळून केलेल्या कामाचा मोबदला आहे, ही पद्धत रुजवली. संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग तुम्ही म्हणाल, चिंध्यांची गोधडी देणं म्हणजे तरी वेगळं काय? वेगळं आहे ते निवडीत. आमच्या क्लब हाउसमध्ये काकू प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरतात. विरलेला दिसला की थेट बाद. मग तो कितीही सुंदर असो. धागा चुरगळून पेटवून बघायचा, कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून गोळी झाली तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर बाद. खणाचं दार दिसतं देखणं, पण त्याचे धागे लगेच सुटतात, म्हणून तेही बाद. (यावर ग्रुपमध्ये अश्रू ढाळले गेले आहेत.) लाल आणि गडद निळं कापड आधी भिजवून पांढऱ्या रुमालावर दाबून बघायचं. रंग सुटला तर पहिल्याच धुण्यात अठ्ठेचाळीस घरांचं आकाश गुलाबी!

काकूंची शेवटची परीक्षा सोपी आहे. गोधडी पूर्ण झाली की शिवणाऱ्यांपैकी एकाने ती घरी न्यायची, एक रात्र पांघरायची, सकाळी धुवायची, पिळायची, वाळवायची. कुठे उसवली तर परत शिवायची. ‘‘आपल्या अंगावर घ्यायला लाज वाटेल ते दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं नाही,’’ हा त्यांचा क्वालिटी पॉलिसी स्टेटमेंट. आमच्या ऑफिसातल्या आयएसओच्या फाइलमध्येही इतकं स्वच्छ लिहिलेलं नाही.

या सगळ्यात आपल्याला काय मिळतं? खरं सांगू, तीन तास फोन लांब राहतो. समोरच्या माणसाशी बोलता येतं, कारण हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. पण स्ट्रेस-बस्टर म्हणून आलेले लोक दोन महिन्यांत गळतात, हेही पाहिलंय. टिकतात ते ‘अठरा किंवा शून्य’ हे डोक्यात बसलेले. आतापर्यंत ११ गोधड्या झाल्यात. सात बाकी. म्हणजे ३३६ घरं, माणशी २८. दिवाळीची डेडलाइन कुठल्याही क्लायंटच्या डेडलाइनपेक्षा पक्की आहे, कारण ऊसतोडीचे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत.

तुम्हालाही सोसायटी काढायचीय?

● चार माणसं पुरेत. एक मशीन, एक इस्त्री, एक मोठं टेबल. सोसायटीच्या क्लब हाउसचं बुकिंग कामी आणा!

● पहिलं घर शिवलं की मोजा. साडेआठ बाय साडेआठ आलं तरच पुढचं. ओळीत जोडल्यावर ते आठ इंच होतं.

● नवं सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. नाहीतर ते नंतर आटतं आणि गोधडी गोळा होते.

● फिकट भिंतीला गडद छप्पर, गडद भिंतीला फिकट. दोन्ही सारखं झालं तर घर दिसतच नाही, नुसता ठिपका दिसतो.

● थर कच्च्या टाक्यांनी आधी पकडून घ्या, मग दोन-दोन बोटांवर धावदोरा. टाके विरळ असले की धुण्यात थर सरकतात.

● बटणं, टिकल्या, लेस नको. लहान मुलं तोंडात घालतात.

● आणि हे सगळ्यात आधी. जिथे द्यायची तिथे फोन करा, तिथली गरज नीट विचारून घ्या. सुईत दोरा नंतर ओवा.